इओसिनोफिल १८ टक्के

नागपूर, ऑगस्ट. रात्र.

पावसाळा लागला की आमच्या धंतोलीच्या लॅबमध्ये संडासच्या डब्या वाढतात. बहुतेकांत आव निघते, नाहीतर काहीच नाही. आज काटोलकडच्या एका मावशींच्या स्लाइडवर हुकवर्मची, म्हणजे आतड्यात राहून रक्त पिणाऱ्या जंताची, अंडी दिसली. पातळ काचेसारखं कवच, आत चार-आठ पेशींचा पुंजका, मधे स्वच्छ मोकळी जागा. घाणीतली वस्तू इतकी देखणी असू नये खरं तर. एचबी ६.८, इओसिनोफिल (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) १८ टक्के, म्हणजे वाढलेल्या.

सकाळी रक्त काढताना बोलणं झालं होतं.

"खाणंपिणं तं बराबर हाये मॅडम, मंग रक्त कायले कमी होते?"

"वावरात चप्पल घालता का, मावशी?"

"पान्यापावसात कायची चप्पल! चिखलात फसूनच रायते."

तिथेच मला शंका आली. ओल्या मातीतली अळी तळपायाच्या कातडीतून शिरते, रक्तातून फुप्फुसात, तिथून वर घशात, आणि गिळली गेली की आतड्यात. नेकेटर जातीचा एक हुकवर्म दिवसाला ०.०३ मिलिलिटरच्या आसपास रक्त पितो. ऐकायला काहीच नाही. पण शंभर जंत, आणि वर्षानुवर्षं!

शरीराला हे कळत नाही असं नाही. आतड्याच्या अस्तरात टफ्ट नावाच्या मोजक्या पेशी असतात. जंताची चाहूल त्यांना लागते, हे २०१६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं. त्या आयएल-२५ नावाचं निरोप देणारं प्रथिन सोडतात, त्याने आणखी काही पेशी जाग्या होऊन तसंच आयएल-१३ सोडतात, मग चिकट स्राव वाढतो, आतडं जोरात हलू लागतं. रक्तात आयजीई (अ‍ॅलर्जीतही वाढणारं प्रतिपिंड) चढतं, इओसिनोफिल वाढतात. मावशींच्या रक्ताच्या स्मिअरमध्ये शेंदरी कणांनी भरलेल्या त्या पेशी जिकडेतिकडे होत्या. एवढी फौज उभी असूनही जंत मजेत, कारण तो स्वतःच काही द्रव्यं सोडून या सगळ्याला ढिलं पाडत असतो. अल्बेंडाझोलच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळीने आजचे जंत जातील, पण पुढच्या पावसाळ्यातल्या अळीला अडवणारं अंगात काही उरत नाही.

म्हणून लस. जेवणानंतर त्याच वाचनात अडकले. माणसासाठी जंतावरची एकही लस अजून बाजारात नाही. हुकवर्मच्या अळीतलं एएसपी-२ नावाचं प्रथिन घेऊन एक केली होती. अमेरिकेत, जिथल्या लोकांना हुकवर्म कधी झालाच नव्हता, तिथे ती निभावली. ब्राझीलमध्ये जंतांच्या भागातल्या मोठ्या माणसांना दिली, तर काहींच्या अंगभर पित्त उठलं. त्या प्रथिनाविरुद्धचं आयजीई त्यांच्या रक्तात आधीपासूनच होतं! चाचणी थांबवावी लागली. म्हणजे जिला लस हवी तिलाच ती बाधणार. आमच्या मावशी त्या रांगेत असत्या तर? वाचून अंगावर काटा आला.

मग संशोधकांनी मोर्चा वळवला तो मोठ्या जंताच्या पोटाकडे. प्यायलेलं रक्त पचवायला त्याला एपीआर-१ नावाचं प्रथिन लागतं, आणि त्यातून सुटणाऱ्या हीमचं (हिमोग्लोबिनमधल्या लोहवाल्या भागाचं) विष निस्तरायला जीएसटी-१. लस घेतलेल्या माणसाचं रक्त जंत पितो, त्याबरोबर प्रतिपिंडंही पितो, आणि त्याचं पचनच बिघडतं. अळीला दारात अडवायच्या हट्टापेक्षा मला हे जास्त पटतं. अशा चाचण्यांत स्वयंसेवक दंडावर जिवंत अळ्या मुद्दाम लावून घेतात. खाज सुटते म्हणे. सुटणारच!

मेंढ्यांना मात्र अशी लस मिळालीसुद्धा, ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये, हिमोंकस या रक्तपित्या जंतावर. त्या जंताच्या आतड्यातलीच प्रथिनं काढून ती बनवतात. सहकारिणीचे यजमान जनावरांचे डॉक्टर आहेत, त्यांना फोन लावला. हिमोंकस औषधांना जुमानेनासा झालाय, त्यामुळे लस हवीच, हे त्यांना मान्य. पण हंगामात दर सहा आठवड्यांनी टोचावी लागते म्हटल्यावर ते हसायलाच लागले. "ताई, आमचा बकरीवाला पाजायच्या औषधाला वर्षातून दोनदा यायला तयार नाही."