तुम्ही विचारलेत म्हणून : शेंगदाणे का जाळते?

नववीचा 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा भौतिकशास्त्राचा असताना मी वर्गात शेंगदाणे का जाळते, असे पालक आणि नवे सहकारी हमखास विचारतात. तुम्हीही विचारलेत, म्हणून सांगते.

काही वर्षांपूर्वी जीवशास्त्राच्या तासाला 'एटीपीतील (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतील) अणूंमधला बंध तुटला की ऊर्जा मिळते' असे मी सांगितले आणि त्याच आठवड्यात रसायनशास्त्राच्या तासाला 'कोणताही बंध तोडण्यासाठी ऊर्जा द्यावी लागते' असेही ठणकावून सांगितले. "बाई, यातले परीक्षेत कोणते लिहायचे?" असे एका मुलीने विचारले, तेव्हा मला त्या तासाला नीट उत्तर देता आले नाही. दुसरे विधान बरोबर आहे. ऊर्जा मिळते ती तुटण्यातून नव्हे, तर नवे, अधिक बळकट बंध जुळताना, आणि हे एटीपीला जितके लागू आहे तितकेच जळणाऱ्या शेंगदाण्यालाही.

म्हणून अर्ध्या ग्रॅमचा एक दाणा टाचणीला टोचून पेटवायचा आणि वर 100 मिलिलिटर पाण्याचा लहानसा डबा धरायचा. दाण्यात सुमारे 12,000 ज्यूल ऊर्जा असते, तेव्हा हिशेबाने पाण्याचे तापमान 28 अंशांनी वाढायला हवे. आमच्याकडे ते जेमतेम 10 अंशांनी वाढते. उरलेली कुठे गेली, याचा शोध हाच माझ्या मते खरा धडा आहे (ऊर्जेची रूपे घोकून घेण्यात मला फारसा रस उरलेला नाही). पत्रा तापला, हवा तापली, हे मुले लगेच सांगतात. डब्याच्या बुडाशी धरलेली काजळी म्हणजे न जळलेला कार्बन, त्यामुळे त्याच्या वाट्याची ऊर्जा सुटलीच नाही, हे मात्र बोट लावून पाहिल्यावरच पटते.

मग जिना. 50 किलोच्या मुलाला 3 मीटरचा मजला चढायला सुमारे 1,500 ज्यूल लागतात, म्हणजे एका दाण्यावर आठ मजले! पण स्नायू अन्नातील ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा कार्याकडे वळवतात आणि बाकीची उष्णता होते. त्यामुळे दोनच मजले, आणि वर घाम. भौतिकशास्त्र कुठे संपले आणि जीवशास्त्र कुठे सुरू झाले, हे त्या वेळी कोणी विचारत नाही.

कॅलरी, ज्यूल आणि विजेचे युनिट ही मापे वेगळी असल्यामुळेच मुलांना ऊर्जाही वेगळी वाटते. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. त्या मापाने 2,000 किलोकॅलरींचे दिवसभराचे जेवण सव्वादोन युनिटांच्या आसपास भरते. हे गणित झाल्यावर एक मुलगा घरचे वीजबिल घेऊन आला आणि घरातल्या फ्रीजपेक्षा आपण जास्त खातो का, ते फळ्यावर मांडू लागला.