गिटार त्याची, गाणं आपलं

सध्या घरी माझा एकच उद्योग चाललाय, अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या गिटारचे नुसत्या वाद्याचे अल्बम लावायचे आणि त्यावर आपण मोठ्याने गायचं. गायक नाहीच त्यात, सगळी जागा आपल्यालाच.

म्हणजे घरी बसून रेकॉर्डबरोबर गायची कल्पना काही नवी नाही. १९५८ मध्ये मिच मिलरचा 'सिंग अलाँग विथ मिच' हा अल्बम अमेरिकेत आला, त्यात गाण्याच्या शब्दांचे छापील कागदसुद्धा होते. पण तिथे पुरुषांचा भरभक्कम कोरस आहे, आपला आवाज त्यात बुडून जातो. एकट्या गिटारबरोबर गाताना आपण आपल्याला ऐकू येतो, आणि मला तेच हवंय.

कंट्री गिटारवाला चेट अ‍ॅटकिन्सचंच घ्या (१९२४–२००१). टेनेसीतल्या खेड्यातला मुलगा, रेडिओवर मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकाला ऐकून ऐकून शिकला. ट्रॅव्हिस अंगठा आणि एकाच बोटाने वाजवायचा, पण रेडिओवर ते दिसणार कसं, म्हणून चेटने अंगठ्याबरोबर जास्त बोटं कामाला लावली! अंगठा जाड तारांवर आलटून पालटून ठेका धरतो, तळहाताची कड तारांवर टेकवलेली म्हणून तो आवाज दबका, ठप ठप असा येतो, आणि वर बारीक तारांवर बोटं चाल वाजवतात. गाणाऱ्याला आणखी काय लागतं हो?

अडतं ते पट्टीपाशी. कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओत कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांची) नावं न लिहिता, पट्टीच्या पहिल्या सुरापासून मोजून १, ४, ५ असे आकडे लिहायची पद्धत आहे, जॉर्डनेअर्स या गायकांच्या ग्रुपच्या नील मॅथ्यूजने ती सुरू केली, त्यामुळे गायकासाठी पट्टी बदलली तरी कागद तोच चालतो. घरी गाणाऱ्याला ही सोय कुठे, रेकॉर्ड ज्या पट्टीत तीच आपली. म्हणून मला मनापासून वाटतं की असा अल्बम काढणाऱ्याने पट्टी जरा खालची ठेवावी आणि सुरुवातीला चार बार (म्हणजे ठेक्याची चार आवर्तनं) नुसते वाजवावेत, सूर सापडायला तेवढा वेळ लागतोच.

परवा मी गात होते आणि वरच्या सुराला आवाज फाटला, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, शब्द माहीत नाहीत पण चाल अगदी बरोबर, एक सप्तक खाली. गिटार आपली शांतपणे चालूच. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा ती बाहेर येऊन खुर्ची ओढून बसली.