लिलार्डसाठी आम्ही घातलेला तीन टीमचा घाट

१ जुलै २०२३ ला एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या डेमियन लिलार्डने आपल्या पोर्टलंड टीमकडे ट्रेड, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीतून दुसऱ्या टीमकडे जाणं, मागितला आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी हिल्सबोरोला राहतो, पोर्टलंडच्या जवळच. ११ सीझन हा माणूस आमच्या टीमसाठी खेळला, २०१९ ला ओक्लाहोमाविरुद्ध ३७ फुटांवरून शेवटचा बास्केट मारून सिरीज संपवली तेव्हा आख्खी बिल्डिंग ओरडत होती, आणि आता त्याला फक्त मायामीला जायचं होतं.

मग एका शनिवारी मित्राकडे पोह्यांवर बसलो आणि मी म्हटलं, जायचंच असेल तर आपल्या टीमला काहीतरी धड मिळालं पाहिजे, चला आपणच ट्रेड बनवू. वहीच्या पानावर तीन रकाने पाडले. मी पोर्टलंड, मित्र मायामी. तिसरी टीम लागणारच होती, कारण मायामीकडचा मोठा मोहरा म्हणजे टायलर हिरो, आणि आमच्याकडे सायमन्स, शार्प आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन खेळाडूंच्या निवडीत, तिसऱ्या नंबरला घेतलेला स्कूट हेंडरसन असे गार्ड (चेंडू खेळवणारे) आधीच होते, अजून एक घेऊन करू काय? म्हणून हिरोला ब्रुकलिनला पाठवायचं ठरलं आणि ब्रुकलिन घेतलं वहिनींनी.

आधी पगार जुळवले, कारण ट्रेडमध्ये ते जवळपास जुळावे लागतात. लिलार्डचे ४ कोटी ५६ लाख डॉलर. हिरो २ कोटी ७० लाख आणि डंकन रॉबिन्सन १ कोटी ८१ लाख, झाले ४ कोटी ५१ लाख. इथे मी खूश! ब्रुकलिनकडून डिनविडी, २ कोटी ४ लाख, त्याचं कॉन्ट्रॅक्ट वर्षभरात संपणार म्हणून आम्हाला सोयीचा. वहिनींकडे ६६ लाख जास्त येत होते पण तेही नियमात बसत होतं.

खरा वाद पिकवरून पेटला, म्हणजे ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायच्या पाळीवरून; टीम जितकी तळाला, तितका तिचा पिक सहसा वरचा. मी मायामीकडे तीन फर्स्ट राउंड पिक मागितले तर मित्र म्हणाला, "अरे नाहीतच माझ्याकडे, देऊ कुठून?" आणि ते खरं होतं. लागोपाठ दोन वर्षांचे फर्स्ट राउंड पिक देता येत नाहीत, स्टेपियन रूल म्हणतात त्याला, आणि मायामीचा एक पिक आधीच ओक्लाहोमाकडे गहाण होता, २०२५ ला नाही गेला तर २०२६ ला जाणार, त्यामुळे मोकळे राहिले २०२८ आणि २०३० एवढेच. मग मी म्हटलं की हिरो घेताय तर वहिनी तुम्ही फिनिक्सचा २०२७ चा पिक द्या, स्टार खेळाडू ड्युरँट फिनिक्सला दिला त्या ट्रेडमध्ये तुम्हाला मिळालेला. त्या ठामपणे नाही म्हणाल्या. "तेव्हा ड्युरँट ३८ वर्षांचा असेल भाऊजी, फिनिक्स तळाला गेलेलं असेल, तो पिक म्हणजे सोनं आहे. फिलाडेल्फियाचा घ्या." फिलाडेल्फियाचा पिक प्रोटेक्टेड होता, म्हणजे ती टीम फारच वाईट खेळली तर तो आम्हाला त्या वर्षी मिळणार नाही. तासभर यावरच गेला, चहा दोनदा झाला, आणि शेवटी मी तो घेतला. वर रॉबिन्सनच्या २०२६ पर्यंतच्या कॉन्ट्रॅक्टचं ओझं माझ्याच गळ्यात. मी मायामीचा नवीन खेळाडू हायमे हाकेझ पण मागितला होता पण मित्र म्हणाला की नवीन ड्राफ्ट केलेल्याला सही केल्यापासून ३० दिवस ट्रेड करता येत नाही, थांब. नंतर तो मुद्दा राहूनच गेला.

पुढचे दोन महिने ते पान आम्ही खोडून खोडून जवळपास फाडलं आणि प्रत्येक वेळी मायामी जागचं हललं नाही, कारण लिलार्डला तिथेच जायचंय हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. मिलवॉकीचं नाव एकदाही कुणी काढलं नाही.

२७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, मी ऑफिसात असताना बातमी आली. लिलार्ड मिलवॉकीला. तिसरी टीम फिनिक्स, त्यांना नुर्किच, ग्रेसन ॲलन आणि अजून दोघं. आम्हाला ड्रू हॉलिडे, एटन, मिलवॉकीचा २०२९ चा पिक आणि वर दोन वर्षांचे पिक स्वॉप, म्हणजे पिक अदलाबदलीचा हक्क. चारच दिवसांत हॉलिडेला बॉस्टनला पाठवून ब्रॉग्डन, रॉबर्ट विल्यम्स आणि आणखी दोन फर्स्ट राउंड पिक आणले. मी ज्यासाठी तासभर भांडलो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त मिळालं, आणि तरी लिलार्ड गेला म्हणून विसर्जनाला माझं लक्ष नव्हतं, मोरया म्हणतानाही घशात अडकत होतं.

बातमी आली त्याच संध्याकाळी वहिनींनी फोनवर ट्रेडची यादी वाचून दाखवली तेव्हा शेवटी एक नाव होतं, तुमानी कमारा, फिनिक्सने ५२ व्या नंबरला घेतलेला. आम्ही त्यावर एक शब्दही बोललो नाही. त्याच कमाराची २०२५ ला ऑल-डिफेन्सिव्ह सेकंड टीममध्ये, म्हणजे लीगमधल्या उत्तम बचाव करणाऱ्यांच्या मानाच्या यादीत, निवड झाली. आता कुठलाही ट्रेड आला की वहिनी यादी खालून वाचायला घेतात.