तर्रीची पन्नी

नागपुरात पिशवी म्हणजे कापडाची. प्लास्टिकची असेल तर ती पन्नी. रविवारी तर्री-पोहे घरी न्यायचे तर पोहे कागदात आणि तर्री पन्नीत. ठेलेवाला फुंकर मारून पन्नी उघडतो, पळीभर तर्री ओततो आणि तोंड गरकन फिरवून अशी गाठ मारतो की ती सोडवणं कुणाच्या बापाला जमत नाही. कोपरा दातानं फाडायचा, तर्री वाटीत, पन्नी कचऱ्यात. राज्यात 2018 पासून प्लास्टिकबंदी आहे, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही.

परवा अशीच एक पन्नी नाग नदीच्या पुलाखाली दिसली. काडीला अडकलेली, कोपरा फाटलेला, गाठ शाबूत. (या नदीला आम्ही नालाच म्हणतो. शहराला नाव मात्र हिचंच.) नाग जाते कन्हानला, कन्हान वैनगंगेला. वैनगंगेला वर्धा मिळाली की प्राणहिता, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. मधे गोसीखुर्दचं धरण आहे. बराचसा कचरा तिथेच अडकत असेल. पण पन्नी हलकी जात, महापुरात दरवाजे उघडले की निघालीच.

समुद्रात स्पर्म व्हेल नावाचा देवमासा हजार-हजार मीटर खोल बुडी मारतो. तिथे मिट्ट काळोख. तो टकटक आवाज सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून माकूळ (म्हणजे स्क्विड) हुडकतो. गंमत अशी, की पाण्यातली पन्नीही जवळपास माकुळासारखाच प्रतिध्वनी देते. म्हणजे तो फसत असावा तो कानानं. चावायची भानगड नाही, थेट गिळतो. ते पचत नाही, साचत जातं, आणि पोट गच्च भरलेला प्राणी उपाशी मरतो. नोव्हेंबर 2018 मध्ये इंडोनेशियाच्या वाकाटोबीला एक मेलेला स्पर्म व्हेल किनाऱ्याला लागला. पोटात सुमारे सहा किलो प्लास्टिक: 115 कप, 25 पिशव्या, दोन चपला. कपांचं मी समजू शकतो. त्या चपला काही डोक्यातून जात नाहीत. एकाच जोडीच्या होत्या का?

या रविवारी स्टीलचा डब्बा घेऊन गेलो. ठेलेवाल्यानं कौतुकानं बघितलं, डब्ब्यात काठोकाठ तर्री भरली, झाकण दाबलं. मग डब्बा एका पन्नीत घातला आणि गाठ मारली.

"सांडन ना भाऊ, गाडीवर!"