यादीतला चौथा रकाना

२१ डिसेंबर, रविवार. म्हापसा.

आज आगमनकाळाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतली, चौथी मेणबत्ती पेटली आणि माझं लक्ष कुठे, तर मोबाइलमधल्या नाताळच्या भेटवस्तूंच्या यादीत. उपासना चालू असताना! चौदा नावं. नाव, वस्तू, किंमत आणि चौथा रकाना : 'गेल्या वर्षी त्यांनी काय दिलं'. हा रकाना माझाच शोध. दोन वर्षांपूर्वी नणंदेनं डिनर सेट पाठवला आणि आमच्याकडून गेली टॉवेलची जोडी. ती लाज अजून पुसली गेलेली नाही.

खरेदीला नावं ठेवणं मला जमत नाही. नगरला असताना डिसेंबरचा पगार झाला की आई आम्हाला कापडबाजारात न्यायची. एकाच ताग्यातून माझा फ्रॉक आणि दोघा भावांचे शर्ट. शिंपी हमखास २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रखडवायचा आणि आई लाडू वळता वळता दाराकडे बघत बसायची. सकाळी चर्चमध्ये तिघं एका रांगेत, बँडवाल्यांसारखे. त्या कोऱ्या कापडाचा खळीचा वास आणि बाळ येशूचा जन्म यांची फारकत मला आजही करता येत नाही. त्यामुळे 'बाजारानं नाताळ बिघडवला' असं कुणी म्हणालं की मी गप्प बसते.

बिघडवला असेल तर तो या रकान्यानं.

लेकीला गोठ्याची गोष्ट सांगताना मत्तयाचा दुसरा अध्याय काढला. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी लोक, किती होते ते तिथे लिहिलेलंच नाही. दानं तीन, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसंही तीन धरली जातात, आणि परंपरेनं त्यांना राजे म्हणतात. (रेईश मागूशच्या चर्चच्या फेस्ताला, ६ जानेवारीला, तीन मुलगे राजे होऊन घोड्यांवरून येतात. तिला तिथे जायचंय. तिथे 'चौथा कुठाय?' असं विचारू नको, एवढं बजावून ठेवलंय.) तर ते आले, दानं ठेवली आणि दुसऱ्या वाटेनं आपल्या देशी परत गेले. मरियेनं उलट काय पाठवलं, हा प्रश्न आजवर मला कधी पडला नव्हता. आज पडला. यादीमुळेच.

संध्याकाळी घरातल्या गोठ्याच्या देखाव्यासाठी वाटीत पेरलेल्या नाचणीला पाणी घालत होते, तेव्हा शेजारच्या आंटी कुंपणापाशी आल्या. दरवर्षी त्यांचं कुस्वार, म्हणजे नाताळचा फराळ, आमच्याकडे येतं : दोदोल, नेवऱ्या, कुलकुल, वर क्रोशाचा रुमाल. "औंदां आमगेर कुस्वार ना," म्हणाल्या. अंकल जूनमध्ये गेले. त्यांच्या दारावर नाताळचं नक्षत्र, म्हणजे चांदणीचा कंदीलही नाही, हे मी पंधरा दिवस पाहतेय आणि तरी त्या चौदा नावांत त्यांचं नाव नव्हतं. का, तर भेटवस्तू 'देण्या-घेण्या'तल्या त्या नाहीत.

आणि त्यांची थाळी गेल्या नाताळापासून आमच्याच मांडणीत पडून आहे. रिकामी कशी परत करायची, म्हणून राहिली, राहिली ती राहिलीच.

चौथा रकाना पुसला. भाच्याची बॅट ठेवली, नणंदेला शाल ठेवली. ऑफिसातल्या चिठ्ठीवाल्या खेळाला काहीतरी घेईन वाटेत. उद्या नारळ आणि रवा आणून करंज्या करायच्या, आईच्या पद्धतीच्या, जायफळ घालून. थाळी घासून ठेवलीय. क्रोशाचा रुमाल मात्र पिवळा पडलाय, तो आधी भिजत घालायला हवा.