टायर बदलणारा माणूस रात्री शर्यत का लावतो?

माझी गाड्यांची आवड ज्यांना ठाऊक आहे असे नागपुरातले स्नेही, शेजारी आणि नातेवाईक मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. हा माणूस रविवारी सकाळी अंगणात जॅक लावून चाके काढतो, दुपारी टायरवाल्याच्या दुकानात अलाइनमेंटच्या पडद्यावरचे आकडे वाचत उभा राहतो, आणि रात्री जेवणे आटोपली की कॉम्प्युटरसमोर स्टेअरिंग धरून परदेशातल्या अनोळखी लोकांशी शर्यत लावतो; मग यांतला खरा छंद कोणता? म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या लेखी हे छंद वेगवेगळे नाहीतच. टायर रस्त्याला जिथे टेकतो त्या जागेत मला रस आहे, आणि बाकीचा सगळा खटाटोप ती जागा समजून घेण्यासाठी आहे.

ती जागा केवढी असते याचा ढोबळ हिशेब कोणालाही कागदावर मांडता येतो. माणसांसकट 1200 किलो भरणारी एखादी छोटी गाडी घ्या. प्रत्येक चाकावर सरासरी 300 किलो भार येतो. टायरमधला दाब 33 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 2.3 किलो. भागाकार केला की उत्तर येते 130 चौरस सेंटीमीटर, तळहाताहून जरासे मोठे. इंजिनाची ताकद किती, एअरबॅग दोन की सहा, यावर आपण तासन् तास बोलतो; पण गाडी वेग घेते, वळते आणि थांबते ती रबराच्या या चार तुकड्यांच्या भरवशावर. ब्रेकसुद्धा फक्त चाक थांबवतात. गाडी थांबवतो तो टायर. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आपल्याकडे एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचे झाले, पण तेही टायरमध्ये जेवढी पकड शिल्लक असेल तेवढीच वापरू शकते.

नागपुरात राहणाऱ्या माणसाने टायरचा विचार हवेपासून सुरू करावा, असे मला वाटते, कारण आपल्या शहराचे हवामान हाच या विषयातला सर्वांत कडक परीक्षक आहे. मे 2013 मध्ये येथे 47.9 अंश तापमान नोंदले गेले होते. डिसेंबरच्या पहाटे हाच पारा दहा-बाराच्या आसपास उतरतो. बंद टायरमधला दाब दर 10 अंशांना साधारण दीड पीएसआयने बदलतो. म्हणजे हिवाळ्यातल्या पहाटे 33 भरलेला टायर मे महिन्यातल्या दुपारी, गाडी जागची हललेली नसतानाही, 38 च्या आसपास दाखवेल, आणि वर्धा रोडवर तासभर धावल्यावर त्याहूनही वर जाईल.

येथेच आपल्याकडची एक घट्ट समजूत आडवी येते. उन्हाळ्यात पेट्रोल पंपावर हवा भरायला थांबलो की तेथला मुलगा आपुलकीने म्हणतो, "काका, ऊन लई तपते, हवा कमी ठेवतो, नाहीतर टायर फुटते." हा सल्ला देणारे चांगल्या मनाने देतात, पण तो उलटा आहे आणि धोकादायक आहे. टायर हवा जास्त झाल्यामुळे क्वचितच फुटतो. तो बहुधा हवा कमी असल्यामुळे फुटतो. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजूची भिंत जास्त वाकते आणि सरळ होते, त्या सततच्या वाकण्याने आतल्या आत उष्णता साठते, आणि शेवटी रबर आणि आतले धागे एकमेकांपासून सुटू लागतात. कंपनीने ठरवलेला आकडा हा थंड टायरचा असतो, आणि धावताना दाब वाढणार हे त्यात आधीच धरलेले असते. गरम टायर 38 दाखवतो म्हणून त्यातली हवा सोडून 33 वर आणली, तर रात्री थंड झाल्यावर तो 30 च्याही खाली असतो. म्हणून उन्हाळ्यात हवा सूर्य वर येण्याआधी, गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना मोजावी. दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर पुढच्या-मागच्या चाकांचा आकडा छापलेला असतो. पाच माणसे आणि सामान असेल तर त्यासाठी वेगळा आकडाही बहुधा तेथेच सापडतो.

आता हे रात्रीच्या शर्यतीशी कसे जुळते ते पाहा. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या 2019 सालच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे खऱ्यासारखी गाडी चालवायला लावणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खेळात, जीटी3 वर्गाच्या (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांपासून शर्यतीसाठी बनवलेल्या) गाड्या असतात आणि शर्यतीपूर्वी चारही टायरची हवा आपल्याला ठरवावी लागते. त्या टायरची सर्वोत्तम पकड धावून गरम झाल्यावर साधारण 26 ते 27 पीएसआयला मिळते. पण पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या तयारीच्या जागेत, भरायचा असतो तो थंड दाब, आणि तो शर्यत दुपारी आहे की सूर्यास्तानंतर, ट्रॅक 40 अंशांवर तापला आहे की 20 वर आहे, यावर अवलंबून असतो. नव्या खेळाडूला हे कोडे वाटते. मे महिन्यात पहाटे उठून हवा मोजणाऱ्या नागपूरकराला ते आपल्या अंगणातलेच गणित वाटते. उलटही घडते: पडद्यावर चार चाकांचे चार आकडे प्रत्येक फेरीला वर चढताना पाहिले, की उष्णता आणि दाब यांचे नाते पाठ करावे लागत नाही.

टायर बदलण्याची वेळ कधी येते, हा पुढचा नेहमीचा प्रश्न. नक्षीच्या खाचांमध्ये ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. झीज त्यांच्या पातळीला आली म्हणजे खोली 1.6 मिलिमीटर उरली आणि टायर संपला. पण आपल्या उन्हात टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, आणि हे फार लोकांच्या ध्यानात येत नाही. टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीचे शेवटचे चार अंक वाचा. 2319 असेल तर तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. गाडी कमी चालते म्हणून नक्षी छान दिसते, आणि भिंतीवर बारीक भेगांचे जाळे पसरलेले असते. अशा टायरवर मी घरच्यांना महामार्गावर नेणार नाही. त्याच भिंतीवर 185/65 आर15 88एच असे काहीसे लिहिलेले असते. 185 मिलिमीटर रुंदी, भिंतीची उंची त्या रुंदीच्या 65 टक्के, 15 इंची रिम, 88 म्हणजे एका टायरने पेलण्याची कमाल 560 किलो, आणि एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतची पात्रता. एवढे वाचता आले की दुकानात कोणी भलताच टायर गळ्यात मारू शकत नाही.

दुकानातला सर्वांत मोठा वाद मात्र निराळाच असतो. दोनच टायर नवे घ्यायचे आहेत, तर ते पुढे टाकायचे की मागे? "भाऊ, नवीन जोडी समोर टाका ना, स्टेअरिंग तर समोरच्याच चाकाले आहे," असे टायरवाला म्हणतो, आणि ऐकायला ते पटते. पुढच्या चाकांवर इंजिनाचा भार, ओढण्याचे काम, वळण्याचे काम. झिजतातही तीच आधी. तरीही टायर बनवणाऱ्या कंपन्या नवी जोडी मागे टाका असेच सांगतात, मग इंजिन पुढची चाके फिरवणारे असो वा मागची. कारण पावसात आहे. पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी वळायची तेवढी वळत नाही, सरळ जाऊ पाहते. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढला की वेग उतरतो, वजन पुढे येते आणि पकड बहुधा परत मिळते. मागच्या चाकांची पकड सुटली तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, आणि अशा वेळी घाबरून पाय काढणे हे नेमके घातक ठरते, कारण पुढे सरकलेले वजन मागच्या टायरची उरलीसुरली पकडही कमी करते.

हे वाक्य वाचून पटणे वेगळे आणि हातांना कळणे वेगळे. जुलैच्या पावसात रिंग रोडवर हे करून पाहावे असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. मी ते सिम्युलेटरवर करून पाहिले. पुढच्या टायरचा दाब बरोबर ठेवला, मागच्यांचा मुद्दाम फार वर नेला, पावसाळी हवामान निवडले आणि एका लांब वळणात शिरलो. गाडी कोणतीही पूर्वसूचना न देता फिरली; स्टेअरिंग उलट्या बाजूला नेईपर्यंत तोंड मागे झाले होते. मग पुढची जोडी बिघडवली आणि मागची सुधारली. गाडी सुस्त झाली, वळणाबाहेर वाहत गेली, पण तिला आवरायला वेळ मिळाला. त्यानंतर माझ्या गाडीच्या बाबतीत हा वाद संपला, आणि आमचा टायरवाला आता माझी नवी जोडी न विचारता मागे बसवतो.

स्टेअरिंगबद्दल थोडे लिहिलेच पाहिजे, कारण पाहुण्यांना ते खेळणे वाटते. चांगल्या सिम्युलेटरच्या स्टेअरिंगमध्ये मोटर असते आणि पुढच्या टायरवर जो ताण येतो तो ती हातांवर आणून सोडते. वळणात शिरताना स्टेअरिंग जड होत जाते, आणि टायर आपल्या मर्यादेजवळ आला की ते किंचित हलके पडते. हे हलके पडणे पकड पूर्ण सुटण्याच्या थोडे आधी येते, आणि ते ओळखणे ही चालकाची खरी कमाई. रस्त्यावरच्या गाडीतही हेच होते, फक्त पॉवर स्टेअरिंगमुळे ते पुसट झालेले असते. एकदा हातांना सवय लागली की ओल्या रस्त्यावर तेही जाणवू लागते. शरीराला बसणारे झटके मात्र घरी मिळत नाहीत, तेथे डोळे आणि हातांवरच भागवावे लागते. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पैसे स्टेअरिंगवर उधळण्याआधी पेडलांवर खर्च करावेत, हे माझे ठाम मत आहे. साधे ब्रेक पेडल पाय किती खाली गेला ते मोजते. लोड सेल असलेले पेडल पायाने किती जोर दिला ते मोजते, आणि खऱ्या गाडीचा ब्रेकही जोरालाच उत्तर देतो.

ऑनलाइन शर्यतीने माणूस रस्त्यावर बेफाम होतो का, असेही मला काळजीने विचारले जाते, विशेषतः ज्यांची मुले कॉलेजात आहेत त्यांच्याकडून. माझा अनुभव याच्या विरुद्ध आहे. 2008 पासून चालत आलेल्या आयरेसिंग या ऑनलाइन शर्यतीच्या सिम्युलेटरमध्ये प्रत्येक खेळाडूची सुरक्षिततेची गुणवत्ता मोजली जाते. ट्रॅकबाहेर चाके गेली तर एक गुण, ताबा सुटला तर दोन, दुसऱ्या गाडीला जोरात धडकलो तर चार असे अपघाताचे गुण चढतात, आणि धडक बसली तर चूक कोणाची हे न पाहता ते दोघांनाही मिळतात. सुरुवातीला हे अन्यायाचे वाटते. पण काही दिवसांत माणूस बाजूच्याला जागा सोडायला शिकतो, समोरचा गडबडलेला दिसला की आधीच सावध होतो. वरच्या वर्गाचा परवाना वेगावर नव्हे, या गुणांवर मिळतो. व्हरायटी चौकातल्या संध्याकाळच्या गर्दीला याहून उपयोगी शिकवण दुसरी कोणती असेल, मला माहीत नाही. वेगाची हौस भागवायला ग्रेटर नोएडाचा 5.125 किलोमीटरचा बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचा आणि कोइम्बतूरचा ट्रॅक अशी ठिकाणे आहेत, पण ती आपल्यापासून दूर आहेत. नागपुरातल्या तरुणाला ती हौस सुरक्षितपणे भागवता येईल अशी जागा घरातले टेबलच आहे. अमरावती रोड ती जागा नाही, आणि समृद्धी तर मुळीच नाही.

समृद्धी महामार्गाचा उल्लेख टाळता येत नाही. 701 किलोमीटरचा हा रस्ता शिवमडक्याहून सुरू होतो, नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, आणि जून 2025 मध्ये तो मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. मोटारींना तेथे ताशी 120 ची परवानगी आहे. सरळ, तापलेले काँक्रीट, न थांबता कित्येक तासांची धाव, सुट्टीत ठासून भरलेली गाडी. कमी हवेच्या किंवा वय झालेल्या टायरसाठी याहून वाईट परिस्थिती शोधून सापडणार नाही. सुरुवातीच्या अपघातांनंतर परिवहन विभागाने प्रवेशापाशी टायर तपासून गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांनी कुरकुर केली. मला ते पाऊल अतिशय योग्य वाटले. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारे अंतर चौपट होते, म्हणजे शहरात 60 ने चालवताना जो टायर ठीकठाक वाटतो, त्याच्याकडून आपण तेथे चौपट काम मागत असतो.

जुन्या पद्मिनीच्या कार्बोरेटरबद्दल, रविवारच्या फॉर्म्युला वनबद्दल, पॉलिशच्या डब्यांबद्दलही मला विचारले जाते; ते सगळे मला आवडते, पण ते पुन्हा कधीतरी.

ज्यांना या नादाला लागायचे आहे त्यांनी सिम्युलेटर नंतर घ्यावा. आधी स्वतःचा एक हवा मोजायचा गेज घ्यावा, आणि एकदा घराच्या अंगणात, घाई नसताना, चाक बदलून पाहावे. नट जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. बसवताना एकाला लागून दुसरा असे न आवळता समोरासमोरचे आवळावेत, म्हणजे रिम तिरकी बसत नाही. स्टेपनीची हवाही त्याच दिवशी पाहावी, कारण ती वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. ती अरुंद, तात्पुरत्या प्रकारची असेल तर तिला बहुधा 60 पीएसआय लागतात आणि तिच्यावर ताशी 80 ची मर्यादा लिहिलेली असते. पंक्चर काढून मूळ चाक परत बसेपर्यंत ती मर्यादा पाळायची असते.