चित्राला उत्तर द्यायचं: आमच्या घरातली पद्धत

आमचा मुलगा ऑटिस्टिक आहे. तोंडी शब्द मोजकेच, पण पेन हातात आलं की लोकलच्या टपावरचा पेंटोग्राफ वरच्या विजेच्या तारेला जिथे टेकतो, त्याच्या चित्रातही नेमका तिथेच टेकतो. या चित्रांमधून त्याला आमच्याशी बोलता यावं म्हणून घरी जे केलं, ते ठाण्या-नवी मुंबईतल्या पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

चित्राचं कौतुक केलं म्हणजे संवाद झाला असं नाही. चित्र बघून समोरच्याने काहीतरी करायला हवं. त्याने कुकर काढला, शिट्टीवर तीन जाड काळ्या रेघा ओढल्या आणि कागद माझ्या हातात कोंबला. तेव्हा "वा, किती छान!" म्हणायचं नसतं, गॅस बंद करायचा असतो. तेच चित्र आता कुकर लावण्याआधी मी त्याला दाखवते आणि तो आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतो. "हे काय? रंग कोणता?" असं विचारत बसलं की परीक्षा सुरू होते आणि मूल कागद उलटा करून ठेवतं.

स्पीच थेरपिस्टने पेक्स पद्धतीने, म्हणजे चित्राचं कार्ड देऊन त्या बदल्यात वस्तू मागायच्या पद्धतीने, सुरुवात करायला सांगितलं. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये अमेरिकेत ती तयार केली, तिचे सहा टप्पे आहेत. छापील चित्रांच्या जागी आम्ही त्याचीच चित्रं घेतली. मूळ कागद तो कुणाला देत नाही, म्हणून झेरॉक्स काढून लहान करून घ्यायची. साधारण 5 सेंमीचं चौकोनी कार्ड, त्यावर एकच वस्तू. मागची गर्दी पांढऱ्या कागदाने झाकायची, नाहीतर लक्ष खिडकीच्या गजांवरच जातं. 125 मायक्रॉनचं लॅमिनेशन करून कोपरे गोल कापायचे. वेल्क्रोची खरखरीत बाजू फाइलला, मऊ बाजू कार्डाला, आणि सगळीकडे तशीच. दोन संच करा, एक हरवतोच.

पहिल्या टप्प्यात दोन मोठी माणसं लागतात. एक समोर चकली घेऊन बसतं. दुसरं मुलाच्या मागे, अक्षरही न बोलता, त्याने हात पुढे केला की कार्ड उचलून द्यायला मदत करतं. "काय हवं?" विचारायचं नाही, कारण मग विचारल्याशिवाय मागायचंच नाही अशी सवय लागते. कार्ड हातात पडताच "चकली!" म्हणून चकली द्यायची, तीही लगेच. "आधी तोंडाने म्हण" असं अडवलं की कार्डावरचा विश्वास उडतो. मागची मदत दिवसेंदिवस कमी करत न्यायची. आणि ही मदत कार्डापुरतीच. पेन धरलेला हात कधीही धरायचा नाही; मोठ्यांनी हात धरून उमटवलेलं चित्र मुलाचं म्हणणं नसतं.

मग कार्ड आणि माणूस दोन्ही लांब ठेवायचं, म्हणजे मूल उठून येतं. त्यानंतर दोन कार्डांतून निवड: चकली आणि पायमोजा. मोज्याचं कार्ड दिलं तर मोजाच द्यायचा; फरक त्यातूनच कळतो. पुढे 'मला हवं' ही पट्टी, तिच्यावर वस्तूचं कार्ड चिकटवून पूर्ण वाक्य द्यायचं. भूक लागलेली असतानाच सराव करा, जेवणानंतर कुणीच मागत नाही.

वाशीला थेरपीला जायच्या दिवशी सहा कार्डांची पट्टी लावतो: रिक्षा, ठाणे स्टेशन, लोकल, वाशी, थेरपी, घर. प्रत्येक टप्पा झाला की तो कार्ड काढून पाकिटात टाकतो. गाडी रद्द झाली तर 'बदल'चं कार्ड लागतं, आणि ते आधी आनंदाच्या बदलासाठी शिकवावं लागतं, पोळीऐवजी डोसा असं. थेट मेगाब्लॉकच्या दिवशी काढलं तर ते वाईट बातमीचं कार्ड होऊन बसतं.

त्याच्या हाताची खरी ताकद दिसते ती कोऱ्या कार्डांवर. फाइलच्या शेवटी दहा कोरी कार्डं आणि दोऱ्याने बांधलेलं काळं पेन ठेवलंय. फाइलमध्ये नसलेलं तो तिथे काढतो: बुटातला खडा, दुखणारी दाढ. 'नको' आणि 'थांब' ही कार्डं मात्र आम्ही तयार करून दिली, ती फाइलच्या मुखपृष्ठावरच हवीत.

शाळेत बाईंना एकच विनंती केली आहे: दंगा केला म्हणून फाइल किंवा पेन काढून घेऊ नका, त्याचं बोलणंच बंद होईल. खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, वाशीत महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. मार्गदर्शनासाठी तिथे विचारता येतं. मोबाइलवर आयआयटी मुंबईचं जेलो हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं मोफत अॅप मराठीतही चालतं, पण बॅटरी संपते म्हणून कागदी फाइल दप्तरात राहू द्या.